बैलाचा खांदा बघता, स्वतःचा कोण बघणार?

श्रावणी अमावस्येचा पोळा आला की आदल्या संध्याकाळी आपल्या घरोघर बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जोखडाखाली दमलेला बैलाचा खांदा आपण गरम पाण्याने शेकतो, हळद आणि तूप लावून चोळतो. बैल काही बोलत नाही. तरीही जाणता शेतकरी नुसत्या हाताने सांगतो की खांद्याला सूज आहे, की जोखड घासून कातडे सोलले आहे, की आत पू धरला आहे. तो आधी दोन्ही खांदे डोळ्यांनी ताडून बघतो, मग वरून हात फिरवतो, मग दाबतो आणि जनावर कुठे अंग चोरते ते ध्यानात ठेवतो. शेवटी चार पावले चालवून बघतो.

बघणे, चाचपणे, हालवणे आणि जोर लावून पाहणे ही माणसाच्या खांद्याच्या तपासणीचीही चार पायऱ्या आहेत. मोठ्या इस्पितळातला हाडांचा डॉक्टर यंत्राकडे वळण्याआधी हेच करतो. आपण मात्र स्वतःच्या खांद्याची एवढी चौकशी करत नाही. "खांदा धरलाय" म्हणतो, तेल चोळतो, कुणाकडून तरी हात ओढून घेतो आणि महिना-दोन महिने असेच घालवतो.

या लेखात सांगायचे ते एवढेच, की खांदा दुखणे हा एक रोग नव्हे. एकाच जागी दुखणारी ती चार-पाच निरनिराळी दुखणी आहेत. त्यांतले एक दुखणे काही तासांत बसवून घ्यावे लागते, एकाला काही आठवड्यांची मुदत असते, आणि एक वर्ष-दीड वर्ष चिकाटीने व्यायाम केला की बरे होते. एकाला जो उपाय, तोच दुसऱ्याला अपाय ठरतो. कोणते दुखणे कोणते, हे बऱ्याच अंशी हाताच्या तपासणीने कळते. ती तपासणी काय असते आणि तिच्यातून काय उमगते, हे आपल्यालाही ठाऊक असलेले बरे.

गोविंदांचे परळ

पोळ्याच्या जेमतेम आठवडाभर आधी गोपाळकाला येतो. त्या दिवशी मुंबईत गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत चौकाचौकात दहीहंड्या लागतात. लालबाग-परळ ही नावे कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांना परकी नाहीत. कितीतरी कुटुंबांतले आजोबा, चुलते, मामा इथल्या कापडगिरण्यांत राबले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण चाळीतला गोविंदा राहिला. थर लावताना खालच्या गड्याच्या खांद्यावर वरच्याचे पाय असतात. खांदाच तिथली पायरी आणि खांदाच पाया. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले आणि ते सुमारे ४४ फुटांवर पोचले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई आणि २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची मर्यादा १४ वर्षांवर आली.

थर कोसळतात तेव्हा पडणारा माणूस आपोआप हात पुढे टेकतो. सारा भार तळहातातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात जातो. म्हणून दरवर्षी त्या दिवशी केईएम, नायर, शीव अशा पालिकेच्या रुग्णालयांत जे गोविंदा आणले जातात, त्यांत खांदा धरून येणारेही असतात. यांतले केईएम परळलाच आहे. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, अशी त्या काळात धाडसाची अट देणगीदारांनी घातली होती. देशात भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण ज्या पहिल्या केंद्रांत सुरू झाले, त्यांतले एक १९५० नंतरच्या दशकात याच आवारात निघाले.

आपण म्हणाल, गोविंदाचा आणि आमचा काय संबंध? संबंध आहे. आंब्याच्या फांदीवरून पडलेला माणूस, बुजलेल्या बैलाच्या कासऱ्याने हिसडा बसलेला गडी, इंजिनाचे हँडल उलटे फिरून हात झटकला गेलेला तरुण, शेणाने निसरड्या झालेल्या गोठ्यात घसरलेली बाई, या सर्वांच्या खांद्याला तोच मार बसतो. फरक एवढाच, की लालबागच्या गोविंदाला इस्पितळ हाकेच्या अंतरावर असते आणि आपल्याला ते दूर असते. म्हणून आपल्याला अधिक जाण हवी.

बशीवर ठेवलेले लिंबू

खांद्याची घडण आधी समजून घेऊ. मांडीचे हाड कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत बसलेले असते. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मात्र फऱ्याच्या हाडावरच्या उथळ बशीला टेकलेला असतो. बशीवर लिंबू ठेवावे तसे. त्यामुळेच आपला हात पुढे, मागे, वर, गोल असा सगळीकडे फिरतो. पण ज्याला मोकळीक जास्त, त्याला आधार कमी. शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो हाच.

हा गोळा जागेवर धरून ठेवायला चार स्नायू असतात. मांडवाचा खांब चारी बाजूंच्या दोऱ्या ताणून उभा ठेवतात ना, तशा या स्नायूंच्या चिवट दोऱ्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून धरतात. वरून फऱ्याच्या हाडाचा एक कंगोरा छपरासारखा पुढे आलेला असतो. वरची दोरी या छपराखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते आणि वयोमानाने विरायला लागते ती बहुधा हीच. समोरून हसळीचे हाड गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत आडवे येते. हाड, सांधा, दोरी आणि सांध्याभोवतीची पिशवी, यांतले काय बिघडले ते शोधणे म्हणजेच खांद्याची तपासणी.

आधी डोळे, मग बोटे

चांगला डॉक्टर पहिल्यांदा सदरा काढायला सांगतो आणि दोन्ही खांदे शेजारी शेजारी बघतो. संकोच करू नये. भगिनींनी सोबत घरची बाई किंवा परिचारिका उभी करून घ्यावी. चांगला खांदा समोर असला की बिघडलेल्याची खोट लगेच दिसते.

खांद्याची गोलाई गेली असेल, वरचे टोक उठून दिसत असेल आणि त्याखाली खळगा पडला असेल, तर गोळा बशीवरून पुढे सरकला असण्याची दाट शक्यता असते. असा रोगी हात अंगापासून थोडा लांब धरून दुसऱ्या हाताने आधार देतो. हसळीचे हाड मोडलेला माणूस मान दुखऱ्या बाजूला कलती करतो आणि कोपर सांभाळत येतो. खांद्याच्या अगदी माथ्यावर पायरीसारखा उंचवटा आला असेल, तर हसळी आणि फरा यांचा जोड सुटलेला असतो. सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून थेट खांद्यावर पडणाऱ्यांत हे आढळते.

मग डॉक्टर गळ्याजवळून सुरुवात करून हसळीवरून खांद्याच्या टोकापर्यंत आणि तिथून दंडावर बोटे फिरवतो. नेमके एका बोटावर मावेल एवढ्या जागी कळ येते का, हाड करकरते का, ते पाहतो. आपणही "इथे सगळीकडे" असे म्हणून पंजा फिरवू नये. जास्तीत जास्त दुखते ती जागा एका बोटाने दाखवावी.

मार लागलेल्या हातात आणखी एक तपासणी चुकवून चालत नाही. मनगटाची नाडी लागते का, बोटे हालतात का, आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, हे पाहतात. पोलीस शिपायाच्या बाहीवर फिती असतात ना, ती ही जागा. खांदा निखळला की त्याखालून जाणारी नस ताणली जाते आणि तिथली कातडी बधिर होते. हे खांदा बसवण्याआधीही बघायचे आणि बसवल्यावरही बघायचे.

निखळलेला खांदा : ओढाओढ नको

निखळलेला खांदा ओळखण्याची एक जुनी आणि सोपी परीक्षा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतातल्या ड्युगास नावाच्या शल्यवैद्याने ती मांडली. दुखऱ्या हाताचा पंजा समोरच्या खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकवायला सांगायचे. गोळा जागेवर असेल तर हे जमते, निखळलेला असेल तर जमत नाही. दुसरी परीक्षा सरळ पट्टीची. धडधाकट खांद्यावर पट्टी लावली तर मधला गोलवा आड येतो. निखळलेल्या खांद्यावर ती खांद्याच्या टोकाला आणि कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला एकाच वेळी टेकते.

हे वाचून कोणी घरी परीक्षा घेत बसू नये. ताज्या मारात हात हालवायचा नाही, हा पहिला नियम. निखळल्याबरोबर हाड मोडलेलेही असू शकते, आणि ते वरून दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरण फोटो लागतो. मोडलेल्या खांद्याला हिसडा दिला तर हाडाचे टोक नसेत किंवा काखेतल्या रक्तवाहिनीत घुसू शकते आणि मग हाताचाच प्रश्न येतो. गावातला हाड बसवणारा कितीही हातगुणाचा असला, तरी त्याच्याजवळ फोटो नाही आणि स्नायू सैल करणारे औषधही नाही. उलट घरगुती शेक-लेप करत दोन-तीन आठवडे काढले, तर गोळा बाहेरच चिकटू लागतो. मग तो हाताने बसवणे धोक्याचे होते आणि बऱ्याच वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. हाच खांदा पहिल्या काही तासांत जाणकाराच्या हातून थोडक्यात बसतो.

मोटारीचा शॉक आणि लपलेला निखळा

विहिरीवरच्या मोटारीचा किंवा स्टार्टरचा शॉक बसतो, तेव्हा सर्व स्नायू एकदम आवळले जातात आणि त्या झटक्यात दंडाचा गोळा मागच्या बाजूला निसटू शकतो. फेफऱ्याच्या झटक्यातही असेच होते. पुढे निखळलेला खांदा डोळ्यांना दिसतो, पण मागे निखळलेला सहसा दिसत नाही. इतकेच नव्हे, तर समोरून काढलेल्या फोटोतही तो पटकन ध्यानात येत नाही. "शॉकने अंग दुखतेय, जाईल चार दिवसांत" म्हणून रोगी घरी येतो आणि महिन्यांनी कळते की खांदा जागेवरच नव्हता.

इथे हाताची तपासणी उपयोगी पडते. असा हात आतल्या बाजूला, पोटाकडे वळून अडकलेला असतो. कोपर अंगाला लावून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितले, तर तो मुळीच फिरत नाही. डॉक्टरने उचलून धरला तरी फिरत नाही. शॉकनंतर किंवा फेफऱ्यानंतर हात असा अडकला असेल, तर झालेला प्रकार डॉक्टरला स्पष्ट सांगावा आणि "बाजूने किंवा काखेकडूनही फोटो काढावा लागेल का?" हे नम्रपणे विचारावे. या एका प्रश्नाने एखाद्याचा हात वाचेल.

स्वतः उचललेला हात आणि दुसऱ्याने उचललेला हात

आता जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याकडे वळू. या ठिकाणी सबंध तपासणीची किल्ली एका प्रश्नात आहे. हात उचलत नाही, म्हणजे तुम्हाला उचलता येत नाही, की दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही?

दुसऱ्याने उचलला तरी जात नसेल, बाहेर फिरवला तरी फिरत नसेल, तर सांधाच आखडलेला आहे. फोटोत हाडे आणि सांधा ठीक असतील, तर यालाच गोठलेला खांदा म्हणतात. हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरच्या आपल्या ग्रंथात दिले. चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांना थोडे अधिक आणि मधुमेह असणाऱ्यांना बरेच अधिक, हे दुखणे होते. पहिले काही महिने रात्री झोप लागू देत नाही, मग दुखणे ओसरते पण हात आखडतो, आणि पुढे तो हळूहळू सुटतो. या फेऱ्याला एक ते तीन वर्षेही लागतात. असा खांदा दिसला की रक्तातली साखर तपासून घ्यावी. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळते.

उलट, दुसऱ्याने उचलला तर हात सहज वर जातो, पण स्वतःला उचलवत नाही, तर सांधा मोकळा आहे आणि दोरी तुटली आहे किंवा नस दुखावली आहे. डॉक्टर हात आडवा खांद्याच्या उंचीपर्यंत नेतो आणि "आता सावकाश खाली आणा" असे सांगतो. दोरीची मोठी चीर असेल तर हात मध्येच धपकन पडतो. चाळिशी ओलांडलेला माणूस पडला, फोटोत हाड धड आहे, आणि तरी हात उचलत नाही, तेव्हा "फोटो चांगला आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. दोरी फोटोत दिसत नाही. ती पाहायला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. ताजी तुटलेली दोरी काही आठवड्यांत शिवली तर धरण्याची आशा अधिक असते. फार उशीर झाला तर स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते आणि शिवायला धड टोकच उरत नाही.

घरच्या कामातही ही चिन्हे दिसतात. पाठीमागे हात नेऊन नऊवारीचा कासोटा खोचता येईनासा होतो, वेणी घालताना हात डोक्यामागे टिकत नाही, पुरुषाला पाठीला साबण लावता येत नाही. इंग्लंडच्या अ‍ॅपली या हाडांच्या डॉक्टरने हेच परीक्षेच्या रूपात वापरले. एक हात डोक्यावरून आणि एक कमरेवरून पाठीकडे नेऊन फऱ्याला बोट लावायला सांगायचे आणि दोन्ही बाजूंचा फरक बघायचा. जुने, बिनमाराचे दुखणे असेल तर एवढे आपण घरीही पाहू शकतो.

तांब्या उपडा करून बघा

चार दोऱ्यांतली कोणती कमजोर, हेही हाताने कळते. दोन्ही हात समोर थोडे बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरायचे आणि भरलेला तांब्या उपडा करावा तसे अंगठे जमिनीकडे वळवायचे. मग डॉक्टर वरून खाली दाबतो आणि रोग्याने तग धरायची. एक हात सहज खाली गेला तर वरची दोरी कमजोर. कोपर अंगाला लावून पंजा बाहेर ढकलायला सांगितला आणि जोर लागला नाही, तर मागची दोरी. पंजाची पाठ कमरेला टेकवून तो पाठीपासून उचलायला सांगितला आणि उचलला नाही, तर पुढची दोरी. ही शेवटची परीक्षा स्वित्झर्लंडच्या गर्बर यांनी १९९१ साली मांडली.

काहींचा हात बाजूने वर नेताना सुरुवातीला दुखत नाही, मध्ये छातीपासून कानापर्यंतच्या टप्प्यात कळ येते आणि त्याच्या वर पुन्हा दुखणे थांबते. वरची दोरी छपराच्या कंगोऱ्याखाली सुजली किंवा घासली जात असल्याची ती खूण. फवारणीचा पंप दिवसभर हापसणे, माळ्यावर पेंढ्या फेकणे, हात वर करून फांद्या छाटणे, अशा कामांनी हे होते. अमेरिकेच्या नीअर यांनी १९७२ साली या दुखण्याची फोड करून दाखवली. फरा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने रोग्याचा हात समोरून डोक्यापर्यंत नेण्याची परीक्षा त्यांच्या नावाने चालते. असे दुखणे बहुतेकांना काम बदलून, विश्रांतीने आणि व्यायामाने बरे होते, शस्त्रक्रिया लागत नाही.

गोफण आणि चेंडू

ज्याचा खांदा एकदा निखळला, त्याचा पुन्हा निखळण्याची भीती असते. विशेषतः पहिला प्रसंग विशीच्या आत आला असेल तर ती फार. डॉक्टर रोग्याला आडवे झोपवून गोफण फिरवताना जातो तसा हात बाजूला आणि मागे नेतो. अशा वेळी दुखण्याआधी भीती दिसते. रोगी चेहरा आवळतो आणि "नको, निघेल!" म्हणून हात धरतो. ती भीती हेच उत्तर.

चेंडू फेकणाऱ्या खांद्याचीही हीच गत. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेल्या सचिन तेंडुलकरला २००६ च्या मार्चमध्ये लंडनला खांद्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळायला उतरला. मधले महिने संयमाचे होते, हे ध्यानात घ्या. खांदा बसवल्यावर आठवड्यात औत धरायला निघणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगावे.

दुखते खांद्यात, मूळ दुसरीकडे

खांद्याची तपासणी मानेवाचून पुरी होत नाही. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलती केली की खांद्यातून बोटांपर्यंत मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ जाते, तेव्हा मूळ मानेच्या मणक्यात दबलेल्या नसेत असते. अशा माणसाने खांद्याला कितीही तेल लावले तरी काय उपयोग?

आणखी दोन गोष्टी जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. खांदा हालवला काय आणि न हालवला काय, दुखणे तेच, छातीत दडपण, घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकते. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर खांद्याला मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखू लागले आणि पोटही दुखत असेल, तर पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो. दोन्ही वेळी वाट बघू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

एका काठीवर विसंबू नये

हे सर्व वाचून असे वाटेल, की एक परीक्षा केली आणि निकाल लागला. तसे नाही. यांतली कोणतीही एक परीक्षा एकटी पक्की नाही. सुजलेली दोरी आणि फाटलेली दोरी दोघीही तांब्याच्या परीक्षेत दुखतात. साठीनंतर कित्येकांच्या दोऱ्यांना चिरा असतात आणि त्यांना कसलाच त्रास नसतो. अशांची एमआरआय काढली तर चीर दिसेल, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही. एक काठी सहज मोडते, मोळी मोडत नाही. कसा मार लागला, वय काय, रात्री दुखते का, कोणत्या हालचालीला दुखते आणि जोर कुठे कमी, हे सर्व एकत्र बांधले की निदान भक्कम होते. म्हणूनच हात न लावता थेट महागडा फोटो लिहून देण्यापेक्षा, दहा मिनिटे हात फिरवून तपासणारा डॉक्टर आपल्या हिताचा.

आपण काय करावे

खांद्याला ताजा मार लागला तर हात आहे त्या स्थितीत ठेवून उपरण्याची किंवा ओढणीची झोळी गळ्यात अडकवावी. हात अंगाजवळ येत नसेल तर मध्ये उशी किंवा घडी केलेली चादर ठेवावी. सूज चढण्याआधी अंगठी, कडे, बांगड्या उतरवाव्यात. चोळू नये, ओढू नये, ओढू देऊ नये. बोटे गार किंवा बधिर पडली तर एक क्षणही दवडू नये. जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात फोटो निघतो. प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. पण मुंबईला पाठवलेच तर जुने फोटो, आधीची चिठ्ठी, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे आणि उपचार शासकीय आरोग्य योजनेत बसतो का ते तिथे विचारावे.

डॉक्टरपुढे बसल्यावर पाच गोष्टी नीट सांगाव्यात : कधीपासून दुखते, मार कसा लागला, रात्री त्या कुशीवर झोपवते का, हात उचलत नाही की उचलू देत नाही, आणि मधुमेह, फेफरे किंवा शॉक यांपैकी काही आहे का.

गोठलेल्या खांद्यासाठी डॉक्टरच्या सल्ल्याने दोन सोपे व्यायाम करता येतात. मेजाला एका हाताने टेकून वाकावे आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता झुलवावा. आणि भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढावे, रोज पोचलेल्या जागी खडूची रेघ ओढावी. महिन्याभराने रेघ वर सरकलेली दिसली की उमेद येते.

हाताने तपासून हाड ओळखण्याची ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. काखेत मुसळ घालून निखळलेला खांदा वर उचलावा आणि जागी बसल्यावर बांधावा, अशी रीतही तिथे दिली आहे. मुसळाची जागा आज औषधाने आणि शिकलेल्या हाताने घेतली आहे, पण आधी ओळखावे आणि मग हात घालावा हा क्रम तोच आहे.

औत, गाडी, मोट, पोते, सारे शेतकऱ्याच्या खांद्यावरच चालत आले. यंदा खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर हात फिरवाल, तेव्हा घरातल्या माणसांनाही विचारा, हात वर जातो का? पाठीमागे जातो का? रात्री दुखतो का? कोणी "हो, दुखतो, पण चालायचेच" असे म्हणाले, तर त्याला पुढच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात घेऊन जा.